कॉन्स्टान्झला दोन रात्री: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात जर्मनी-स्वित्झर्लंडच्या हद्दीवरच्या, बोडेनझे तळ्याकाठच्या कॉन्स्टान्झबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. बरेचसे प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये.

ताई, आम्ही कार्ल्सरूहला राहतो. जूनच्या सुरुवातीला आईबाबा येतायत, दोघंही पासष्टीच्या पुढचे, बाबांचे गुडघे दुखतात. गुरुवारची सुट्टी धरून तीन दिवस मिळतात. त्यात कॉन्स्टान्झ, माइनाऊ, मेर्सबुर्ग, लिंडाऊ, फ्रीडरिशहाफनचं झेपेलिन म्युझियम आणि येताना ऱ्हाइनचा धबधबा असं बसवलंय. प्लॅन सोबत पाठवलाय. जमेल ना?

प्लॅन नीट वाचला. ट्रेन, बोटी, बस सगळं मिनिटावर बसवलंय तुम्ही आणि कागदावर ते जमतंय पण, पण बाबांचे गुडघे त्या कागदावर कुठेच नाहीयेत. तळं केवढं आहे ते लक्षात घ्या, 536 चौरस किलोमीटर, लांबी 63 किलोमीटर, काठावर तीन देश. नकाशात लिंडाऊ जवळ दिसतं पण ते पार दुसऱ्या टोकाला आहे, बोटीने गेलात तर पूर्ण दिवस त्यातच जाईल. माझं ऐकाल तर लिंडाऊ आणि धबधबा सरळ काढून टाका आणि दोन्ही रात्री कॉन्स्टान्झलाच राहा, हॉटेल बदलायचं नाही, बॅगा एकदाच उघडायच्या. म्हाताऱ्या माणसांना प्रवासात सगळ्यात जास्त काय दमवत असेल तर ते रोज बॅग भरणं.

जाताना श्वार्त्सवाल्डबानने, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या रेल्वेने जा, कार्ल्सरूहहून थेट गाडी आहे, साधारण तीन तास लागतात. ऑफेनबुर्ग मागे पडलं की डोंगर सुरू होतात आणि हॉर्नबर्ग ते सांक्ट गेओर्गनच्या मधे गाडी चढ चढण्यासाठी डोंगरातच वळसे घेत वर जाते, 30 च्या वर बोगदे आहेत. रोबर्ट गेर्विग नावाच्या इंजिनियरने आखलेला हा मार्ग 1873 मध्ये पूर्ण झाला. म्हणजे दीडशे वर्षं होऊन गेली आणि आजही गाड्या त्याच रुळांच्या वाटेने जातात. बाबांना खिडकी द्या. चौघं मिळून बाडेन व्युर्टेम्बर्ग तिकीट काढलंत तर बरंच स्वस्त पडेल, फक्त ते आयसीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या जलद गाडीवर चालत नाही, आरई म्हणजे प्रादेशिक गाडीच बघून बसा. आणि गुरुवारी फ्रोनलाइशनाम या ख्रिस्ती सणाची सुट्टी म्हणजे दुकानं बंद, शिवाय या राज्यात तेव्हा शाळांना पेंटेकोस्टची सुट्टी असते त्यामुळे गर्दी असणारच. राहायचं बुकिंग आत्ताच करून टाका. जुन्या गावात महाग वाटलं तर पुलापलीकडे पेटर्सहाउझनमध्ये बघा, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांत गावात येता.

पहिल्या दिवशी पोचलात की काहीही ठरवू नका. स्टेशनच्या मागेच बंदर आहे, बॅगा टाकून तिथे जाऊन बसा. मग पाण्याच्या कडेकडेने बागेतून जुन्या ऱ्हाइन पुलापर्यंत चालत जा, सपाट रस्ता आहे, बाकं आहेत. वरच्या मोठ्या तळ्यातून ऱ्हाइन या पुलाखालूनच बाहेर पडते, आणि तिचे किलोमीटर इथून मोजायला सुरुवात होते. शून्य किलोमीटर. पुढे बाझेल, कोलोन, हॉलंड, समुद्र, ते सगळे आकडे या पुलापासूनचे. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा खाली पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाची वाकलेली शेवाळं दिसत होती, सगळी एकाच दिशेला वाकलेली, आणि तेव्हा कळलं की वरून स्थिर दिसणारं पाणी खरं तर वाहतंय. आईबाबांना तेवढं नक्की दाखवा.

दुसरा दिवस माइनाऊ बेटाला द्या, पूर्ण. स्टेशनवरून शहरबस जाते. तिसऱ्या दिवशी सकाळी शहरबसने श्टाडच्या धक्क्यावर जा आणि तिथून गाड्यांच्या फेरीने मेर्सबुर्गला, पंधरा मिनिटांत पलीकडे. ही फेरी 1928 पासून आहे आणि रात्रंदिवस चालते त्यामुळे वेळापत्रकाची काळजी नाही. पण मेर्सबुर्गला खालचं गाव आणि वरचं गाव अशी विभागणी आहे आणि मधला रस्ता चांगलाच खडा आहे. जुना किल्ला वरती आहे, तुम्ही दोघं जाऊन या, आईबाबा खाली पाण्याकाठी कॉफी घेत बसतील. झेपेलिन म्युझियम बाबांना बघायचंच असेल तर मेर्सबुर्गऐवजी कॉन्स्टान्झहून कॅटमरानने थेट फ्रीडरिशहाफन गाठा, पाऊण तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आणि म्युझियम धक्क्याला लागूनच आहे. तिथे हिंडेनबुर्ग एअरशिपचा 33 मीटरचा भाग मूळ आकारात बांधलाय, आत फिरता येतं. आणि बाबांना हेही सांगा की ही एअरशिप ज्यांच्या नावाने ओळखली जातात ते ग्राफ (काउंट) झेपेलिन जन्मले कॉन्स्टान्झलाच, 1838 मध्ये. दोन्हीपैकी एकच करा मात्र.

मी फ्रायबुर्गला मास्टर्स करतोय, बजेट कमी आहे, एकच दिवस आहे. बंदरात ती फिरणारी बाई कोण आहे आणि गावात नक्की बघायचं काय, कारण फोटोंमध्ये सगळी जर्मन गावं सारखीच वाटतात.

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. सारखी वाटतात कारण बऱ्याच ठिकाणी युद्धात उद्ध्वस्त झालेलं पुन्हा बांधलंय. कॉन्स्टान्झवर बॉम्ब पडले नाहीत. स्वित्झर्लंड इतकं चिकटून आहे की विमानातून हद्द कळायची नाही, आणि गावात सांगतात की रात्री दिवे चालूच ठेवायचे म्हणजे वैमानिकांना वाटायचं हेही स्विसच. म्हणून इथली घरं खरोखर जुनी आहेत, भिंतींवर घरांची नावं आणि बांधल्याचं साल लिहिलेलं असतं, ते वाचत वाचत फिर.

आता ती बाई. तिचं नाव इम्पेरिया, बाल्झाकच्या एका गोष्टीतली वेश्या. 9 मीटर उंच, वजन 18 टन, पेटर लेंक या शिल्पकाराने 1993 मध्ये बसवली आणि ती स्वतःभोवती हळूहळू फिरते, साधारण चार मिनिटांत एक फेरी. तिच्या दोन्ही तळहातांवर एकेक छोटासा नागडा पुरुष बसलाय, एकाच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट, दुसऱ्याच्या पोपचा. ती आली तेव्हा गावात जोरदार वाद झाला होता आणि आज तीच गावची ओळख झालीये. पण ती का आहे हे समजायला तिच्या समोरची मोठ्या छपराची बिल्डिंग बघायला हवी.

ती कोन्झील. 1388 मध्ये व्यापाऱ्यांचं गोदाम म्हणून बांधली. त्या काळात चर्चचे एकाच वेळी तीन पोप होते, तिघंही म्हणायचे मीच खरा, आणि तो गुंता सोडवायला जर्मन राजा सिगिस्मुंडच्या पुढाकाराने 1414 ते 1418 अशी चार वर्षं या गावात परिषद भरली. काही हजार वस्तीचं गाव आणि त्यात पूर्ण युरोपातून बिशप, राजेरजवाडे, पंडित, नोकरचाकर, सावकार, वेश्या, बेकरीवाले. उलरिश रिशेनटाल नावाच्या इथल्याच एका माणसाने हे सगळं डोळ्यांनी बघून लिहून ठेवलं आणि त्याच्या चित्रांच्या हस्तलिखितात चाकांवरची भट्टी ओढत रस्त्यात गरम गरम पाव आणि ब्रेत्सल विकणारे लोक आहेत, ते चित्र बघताना सहाशे वर्षं मधे आहेत असं वाटतच नाही. त्याची एक जुनी प्रत रोजगार्टन म्युझियममध्ये आहे. नोव्हेंबर 1417 मध्ये 53 मतदारांना या गोदामात कोंडलं आणि 11 नोव्हेंबरला मार्टिन पाचवा पोप म्हणून बाहेर आला. आजच्या जर्मनीच्या जमिनीवर पोपची निवड झाली ती एवढी एकदाच.

आणि याच परिषदेने यान हुसला जाळलं. तो प्रागचा धर्मोपदेशक, चर्चमधल्या पैशाच्या बाजाराविरुद्ध बोलायचा. सिगिस्मुंडने त्याला सुरक्षित येण्याचं लेखी पत्र दिलं होतं, त्या भरवशावर तो आला, आल्यावर थोड्याच दिवसांत कैद केला आणि 6 जुलै 1415 ला गावाबाहेर नेऊन जिवंत जाळला. राख ऱ्हाइनमध्ये टाकली, म्हणजे लोकांना समाधी बांधायलाही काही उरू नये. जाळलं त्या बाजूला 1862 पासून एक मोठा काळसर धोंडा ठेवलाय, हुसेनश्टाइन, वर फक्त नाव आणि तारीख कोरलेली, भोवती वेली वाढलेल्या. जुन्या गावाच्या पश्चिमेला, साध्या राहत्या वस्तीत आहे, टुरिस्ट फारसे जात नाहीत. मी गेले तेव्हा कुणीतरी एक साधी मेणबत्ती काचेच्या बरणीत लावून ठेवली होती, दुपारच्या उन्हात ती जळतीये की विझलीये तेही पटकन कळत नव्हतं. तू जा तिथे. आधी कोन्झील, मग म्युन्स्टर चर्च जिथे त्याला शिक्षा सुनावली, मग श्नेत्सटोर वेशीजवळचं त्याच्या नावाचं छोटं म्युझियम, आणि शेवटी तो धोंडा. हे सगळं चालत होतं, खर्च जवळजवळ नाही. त्यानंतर बंदरावर परत येऊन इम्पेरियाकडे बघ, तळहातावरची ती दोन माणसं वेगळी दिसतील.

म्युन्स्टरच्या चौकात काचेचा एक छोटा पिरॅमिड जमिनीतून वर आलाय, वाकून आत बघ, खाली रोमन किल्ल्याचे दगड आहेत, 2003 च्या सुमाराला खोदताना सापडले. गावाचं नावच रोमन सम्राट कॉन्स्टान्टिअसवरून आलंय असं मानतात. चर्चच्या मागच्या नीडरबुर्गच्या गल्ल्या मात्र नकाशा न बघता फिरायच्या. जेवायला गावात बसू नकोस, सुपरमार्केटमधून काहीतरी घे आणि पाण्याकाठी खा. प्लास्टिकची बाटली टाकू नकोस, मशीनमध्ये परत दिलीस की 25 सेंट मिळतात.

आईवडील शेंगेन व्हिसावर आलेत, सिंगल एंट्री आहे. चुकून स्वित्झर्लंडमध्ये पाय पडला तर व्हिसा संपेल का? तिथे फ्रँक लागतात का?

नाही संपत. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण 2008 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे कॉन्स्टान्झहून क्रॉइत्सलिंगनला गेलात तर ती नवी एंट्री धरत नाहीत. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, हॉटेलात ठेवून निघू नका. हद्द बघायची असेल तर तळ्याकाठच्या हिरवळीवर जा, तिथे पूर्वी कुंपण होतं ते काढून टाकलं आणि त्या जागी टॅरोच्या पत्त्यांवरून केलेली लाल रंगाची 22 शिल्पं उभी केली. आईवडिलांना शिल्पाच्या दोन बाजूंना उभं करून फोटो काढा, एक जर्मनीत, एक स्वित्झर्लंडमध्ये. तेवढ्यासाठी फ्रँक लागत नाहीत. सामानाचं वेगळं हं, कस्टम्सची हद्द आहेच, तेव्हा खरेदी करून इकडेतिकडे जाणार असाल तर नियम बघून घ्या.

खरा खर्च फोनचा. बंदरावर बसलं तरी फोन कधीकधी आपोआप स्विस नेटवर्क पकडतो आणि युरोपियन युनियनचं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही. मी पहिल्या वेळी इम्पेरिया दाखवायला म्हणून घरी व्हिडिओ कॉल लावला, अर्धा तास बोलत बसले आणि महिनाअखेरीला जे बिल आलं त्यात माझं दोन दिवसांचं हॉटेल झालं असतं. कंपनीला फोन केला, उपयोग शून्य. तेव्हा गावात शिरायच्या आधीच डेटा रोमिंग बंद करा किंवा सेटिंगमध्ये जाऊन जर्मन नेटवर्क हाताने निवडा. आईवडिलांच्या फोनचंही करा, ते विसरतंच.

आणि शनिवारी गावात खरेदीला जाऊ नका. स्विस लोक स्वस्त पडतं म्हणून इकडे येतात, तिकडे माल नेताना जर्मन टॅक्स परत मिळतो, त्यामुळे काउंटरवर फॉर्म भरणाऱ्यांच्या रांगा असतात.

माइनाऊ की राइशेनाऊ? एकाच बेटाला वेळ आहे.

लहान मुलं किंवा फुलांची हौस असलेले आईवडील बरोबर असतील तर माइनाऊ. 45 हेक्टरची बाग आहे, वसंतात ट्युलिप, जूनला गुलाब, सप्टेंबरपासून डेलिया, फुलपाखरांचं घर, आणि हवा इतकी सौम्य की ताडाची झाडंही दिसतात. स्वीडनचा राजपुत्र लेनार्ट बेर्नाडोट याने साध्या घरच्या मुलीशी लग्न करायला गादीवरचा हक्क सोडला आणि 1932 पासून या बेटात आयुष्य घातलं, आजही त्याच घराण्याकडे बागेची व्यवस्था आहे. तिकीट उन्हाळ्यात महाग आहे, थंडीत कमी, पण अर्ध्या दिवसासाठी घेऊ नका.

तुम्ही दोघंच असाल तर डोळे मिटून राइशेनाऊ. युनेस्कोच्या यादीत 2000 पासून. पिरमिन नावाच्या साधूने 724 मध्ये मठ सुरू केला आणि पुढची तीनशे वर्षं हे छोटंसं बेट युरोपातल्या विद्येचं मोठं ठिकाण होतं. इथे हेरमान नावाचा साधू होता, शरीर जवळजवळ पूर्ण लुळं, उचलून न्यावं लागायचं, बोलणंही लोकांना कष्टाने कळायचं, आणि त्याने खगोल, गणित, संगीतावर लिहिलं. बेटावर तीन जुनी चर्चेस आहेत, पण एकच बघायचं तर ओबरत्सेलचं सांक्ट गेओर्ग. आत दोन्ही भिंतींवर येशूच्या चमत्कारांची हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, वादळ शांत करणारा, आंधळ्याला डोळे देणारा. रंग फिके झालेत पण हात दिसतात, लांब बोटांचे, पुढे केलेले हात. तिथेच नंतरच्या काळातलं एक चित्र शोधा, चार सैतानांनी गाईचं कातडं ताणून धरलंय आणि त्यावर लिहिलंय की चर्चमध्ये बायका आठवडाभराचं जे 'प्लाप्ला' करतात ते सगळं इथे लिहून घेतलं जाईल. प्लाप्ला! बडबडीला सहाशे-सातशे वर्षांपूर्वीही आजच्या 'ब्लाब्ला'सारखाच शब्द. उन्हाळ्यात या चर्चमध्ये गाइडबरोबरच सोडतात, माणसांच्या श्वासातल्या ओलीने चित्रं खराब होऊ नयेत म्हणून, तेव्हा वेळ आधी बघून जा.

बाकी बेट म्हणजे भाजीचे मळे. काचेची घरं, काकडी, टोमॅटो, सॅलड. रस्त्याच्या कडेला टेबलावर भाजी आणि पैशाची पेटी ठेवलेली असते, सुटे नाणे जवळ ठेवा.

शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी तर नाही ना राहणार?

नाही हो. केझेश्पेत्सले म्हणजे चीजमध्ये घोळलेले घरगुती नूडल, वर तळलेला कांदा, पोटभर होतं. आणि ड्युनेले, पातळ भाकरीसारखी भट्टीत भाजलेली, वर क्रीम आणि भाज्या. दोन्हीत कधीकधी डुकराचे बारीक तुकडे असतात म्हणून ऑर्डर देताना 'ओने श्पेक' म्हणा, म्हणजे ते न घालता. माउलताशन, म्हणजे सारण भरलेली पाकिटं, नुसत्या नावावर घेऊ नका, आत बहुधा मांस असतं. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद होतं ते संध्याकाळी उघडतं, आणि रविवारी दुकानं बंद, शनिवारीच फळं-दही घेऊन ठेवा. मासे खाणाऱ्यांसाठी एक, मेनूवर फेलशन दिसला तर कुठला आहे विचारा, तळ्यातला फेलशन इतका घटला की 2024 पासून मोठ्या तळ्यात तो धरायला तीन वर्षांची बंदी घातली, त्यामुळे ताटातला बऱ्याचदा बाहेरचा असतो.

नोव्हेंबरमध्ये स्वस्त मिळतंय, जाऊ का? आणि उन्हाळ्यात तळ्यात पोहता येतं का, आम्हाला बेताचंच पोहता येतं.

नोव्हेंबरला तळ्यावर धुकं बसतं, कधी दिवसच्या दिवस समोरचा काठ दिसत नाही, आणि सैरसपाट्याच्या बोटी ऑक्टोबरच्या मध्यानंतर जवळजवळ बंद होतात. पहिल्यांदाच जाताय तर नका जाऊ, पैसे वाचतील पण तळं दिसणार नाही. नोव्हेंबरअखेरीला ख्रिसमस मार्केट लागतं तेव्हा गेलात तर निदान संध्याकाळी दिवे आणि गरम वाइन आहे. माझ्या मते सप्टेंबर सगळ्यात छान, पाणी अजून कोमट, शाळा सुरू, द्राक्षं तयार.

पोहायला टोकावरच्या हॉर्नला जा, हिरवळ आहे, उतार हळूहळू आहे, प्रवेश फुकट. तिथे पाण्यात उभं राहून पलीकडे नजर टाकली की निवांत वाटतं, तरी हे तळं 251 मीटर खोल आहे आणि आल्प्सवरून वारा आला की दहा मिनिटांत समुद्रासारख्या लाटा उठतात. म्हणून काठांवर ठिकठिकाणी केशरी दिवे बसवलेत. मिनिटाला 40 वेळा लुकलुकायला लागले म्हणजे जोराच्या वाऱ्याचा इशारा, आत जाऊ नका. 90 वेळा म्हणजे वादळ, आणि तेव्हा मोजत उभं राहायचं नाही, मुलांना हाक मारायची आणि लगेच पाण्याबाहेर यायचं, आभाळ निळं दिसत असलं तरी.